सातच्या बातम्यांतली घागर

न्हाई, पण तुमीच सांगा, माणसानं एका घागरीपायी चालावं तर किती चालावं? आँ? चाललं एक दिवस, समजू शकतो, चाललं एक उन्हाळा, तेबी गोड मानून घेऊ... पण पाव शतक? आन् तेबी अनवाणी? आन् घागर रिकामीच? आमच्या दाजींबद्दल बोलतोय हो! सटवा नाव त्यांचं, तलवाड्याच्या शिवारात वस्तीवर ऱ्हातेत, दारात मेंढरं, मागं थोडं रान, माझी थोरली बहीण भामाबाई त्यांना दिलेली. माणूस म्हणजे देवमाणूस, सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाई, कुणाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई, आन् तरीबी अर्धा महाराष्ट्र त्यांना तोंडानं ओळखतोय आन् नावानं कुणीबी ओळखत न्हाई. कावून? तर ते बातम्यांत असतेत! उन्हाळा लागला की संध्याकाळी सात वाजता ती धून वाजती, बाई म्हणती, "मराठवाड्यात भीषण पाणीटंचाई..." आन् निघाले आमचे दाजी घागर घेऊन!

आता ह्याचं मूळ सांगायचं तर त्या बातम्यांचंच मूळ सांगावं लागतंय, आन् ते माझ्याइतकं कुणाला म्हाईत न्हाई, कारण त्या बातम्या माझ्या हॉटेलातून जायच्या. हसू नका, खरं सांगतो! मांजरसुंब्याच्या फाट्यावर हॉटेल हाय माझं, हॉटेल म्हणजे आपलं चहा, भजे आन् दोन बाकडे, परमेश्वरचं हॉटेल म्हणून कुणालाबी इचारा. तर कार्यक्रमाचं नाव 'सातचं बीड'. काढला कुणी? बद्रीनाथनं. बद्रीनाथ म्हणजे बीडात लग्नाच्या शूटिंग करणारा गडी, लग्नसराई सरली की कॅमेरा मांडीवर घेऊन निस्ता बसायचा, तवा केबलवाला त्याला म्हणला, "बद्री, बसून गंजशील बे, बातम्या तरी वाच!" झालं! खिळ्याला निळी चादर टांगली, पुढं टेबल, टेबलावर प्लास्टिकची फुलं, आन् कॅमेरा चालू करणाराबी हाच, बातम्या वाचणाराबी हाच, म्हणजे बटण दाबायचं, पळत येऊन खुर्चीत बसायचं आन् धापा टाकत म्हणायचं, "नमस्कार... हुः... सातचं बीड... हुः..." लोकांला वाटायचं, काय ताजी बातमी हाय, गड्यानं पळत पळत आणलीय!

आन् बीडात दाखवून झाली की तीच टेप यष्टीनं पुढं केजला, अंबाजोगाईला. कंडक्टर माझ्या हॉटेलात पिशवी टाकून जायचा, दुसऱ्या गाडीचा कंडक्टर उचलायचा, कधी विसरायचा, कधी भज्याच्या नादात दुसरीच पिशवी न्यायचा, आन् मंग आजची बातमी केजला परवा लागायची, तिच्यात बद्रीनाथ छाती फुगवून म्हणायचा, "आज!" वरून टेप महाग. मंग बद्रीनाथ काय करायचा, बातमी दाखवून झाली की तिच्यावरच लग्न भरायचा, लग्न देऊन झालं की उरलेल्या टेपवर पुन्ना बातमी. म्हणजे तुमी बघत बसलाव, खताच्या रांगा लागल्यात, लोक उन्हात उभे हायेत, आन् एकदम कुणाची तरी हळद! आत्या नाचतीय, करवल्या फुगड्या घालतेत, आन् मागून बद्रीनाथचा आवाज, "खतासाठी शेतकऱ्यांचा संताप अनावर..." असा तो इतिहास हाय बघा, आन् लोक तो मन लावून बघायचे.

तर एका मे महिन्यात ह्या बद्रीनाथला दुष्काळ पायजे होता. दुष्काळ होताच हो, न्हाई म्हणत न्हाई मी, पण दुष्काळ म्हणजे काय? जे न्हाई ते! आन् जे न्हाई त्याची शूटिंग कशी करायची? गडी दिवसभर हिंडला, आन् तलवाड्याच्या अलीकडं आटलेल्या तळ्यापाशी ह्याला दिसले कोण? आमचे दाजी, डोक्यावर घागर घेऊन. आता ते घागर घेऊन कावून चाललेते? पाण्याला? छ्या! त्यांच्या विहिरीला तवा चारी अंगानं झरे होते, मेंढरं पोटभर पाणी पिऊन लिंबाखाली रवंथ करत बसलीती. घागरीच्या बुडाला चीर गेलती, ती झाळून आणायला दाजी गेवराईला निघालेते! बद्रीनाथनं मोटारसायकल आडवी घातली.

"ओ पाव्हणं, थांबा! जरा ह्या तळ्यातून चालून दाखवा."

"तळ्यातून कशाला? रस्ता तर हिकडून हाय."

"चाला हो. आन् चप्पल काढा."

"कावून? पाय भाजतील की!"

"तेच तर पायजे!"

आन् आमचे दाजी... मोठ्या माणसानं सांगितलं की ऐकायचं, हा स्वभाव... काढली चप्पल, गेले चालत त्या भेगांतून, एकदा न्हाई, पार पलीकडच्या काठापर्यंत, पुन्ना अलीकडं, आन् उन्हानं तोंड असं झालेलं की बघणाऱ्याचं काळीज फाटावं. ते तोंड तहानेचं नव्हतं बरं का, ते चटक्याचं होतं! पण टीव्हीत कोण इचारतंय? सात वाजता धून वाजली, "पाण्याच्या थेंबासाठी वणवण... हुः..." आन् निघाले आमचे दाजी घागर घेऊन!

पहिल्यांदा कौतुक झालं, खोटं कशाला बोलू. सगळी वस्ती गावात जाऊन बघून आली, दाजींला पानाच्या टपरीवर लोक जागा द्यायला लागले. एकटी आमची भामाक्का फणफणली. "आवं, फुटकी घागर साऱ्या जिल्ह्याला दावून आले! घरात दुसरी घागर नव्हती का? धोतर तरी बरं नेसायचं!" तिचं म्हणणं, आपल्या माहेरची लोकं काय म्हणतील? आता माहेरची लोकं म्हणजे मीच, आन् मी तर चार गिऱ्हाइकांला धरून धरून सांगत होतो की हे आमचे दाजी. तवा काय ठावं होतं, हे लचांड जन्माला पुरणार हाय म्हणून!

कारण झालं काय, बाकीच्या सगळ्या टेपांवर लग्नं भरली, आन् ही एक टेप बद्रीनाथनं फडक्यात गुंडाळून ठेवली. लाडकी टेप! मंग दर उन्हाळ्याला काढायची. पुढं बद्रीनाथला खरीच धाप लागायला लागली तशी त्यानं बातम्या वाचायला पंचशीलाला घेतलं, कॉलेजात होती तवा ती, आवाज असा खणखणीत की चहा पिणारा माणूस कप खाली ठेवायचा. ती आली, निळी चादर गेली, प्लास्टिकची फुलं गेली, टेपा जाऊन सीड्या आल्या... दाजी ऱ्हायले! मुंबईच्या एका बड्या चॅनलनं कार्यक्रमच घेतला आन् सकाळी साडेपाचला टाकला, म्हणजे 'सातचं बीड' साडेपाचला, घ्या! त्या लोकांनी दाजींला बासरी लावली. पाय हळू केले. रंग काढून काळंपांढरं केलं. आन् मंग दाजी कुठं कुठं गेले म्हणता? जालन्याची टंचाई, दाजी. लातूरची टंचाई, दाजी. एकदा तर कुठल्या परराज्यातली बातमी होती, लोकं वेगळीच भाषा बोलतेत, आन् त्यांच्यात आमचे दाजी, तलवाड्याच्या तळ्यातून! पूर आला तरी सुटका न्हाई, बाई म्हणायची, "एकीकडे पूर, तर दुसरीकडे..." आन् निघाले आमचे दाजी घागर घेऊन!

पुढं चॅनलनं साडेपाचचंबी बंद केलं. बद्रीनाथ आन् पंचशीला परत बीडात आले, औषधाच्या दुकानावर माडी घेतली, आन् आता ते सगळं मोबाईलवर असतंय, कवाबी बघा, कितीदाबी बघा. म्हणजे आधी दाजी उन्हाळ्याचे चार महिने चालायचे, ते आता बारमाही झाले.

इथपर्यंत दाजी हसण्यावारी नेत होते. पण सोमनाथ लग्नाला आला की हो! सोमनाथ म्हणजे दाजींचा एकुलता एक, दूध डेअरीवर नोकरीला, चेहऱ्यानं बापावर गेलेला, स्वभावानंबी. आन् आजकाल पोरी देणाऱ्याचे प्रश्न तुमाला म्हाईतच हायेत, नोकरी काय, रान किती, आन् तिसरा प्रश्न, पाणी हाय का? सोयरीक जमत यायची, फोटो जायचा, फोटोत बाप दिसला की तिकडून गप्प! एक गेली, दुसरी गेली, तिसऱ्यानं तर तोंडावर सांगितलं, "घागरवाल्याच्या घरी पोरगी देत न्हाई." माझ्या बहिणीनं पदर डोळ्याला लावला. विहिरीला पाणी हाय, नळ बसवलाय, मोटर हाय, आन् पोरगं बिनलग्नाचं ऱ्हातंय... कशानं? तर न झाळलेल्या घागरीनं!

मंग मी मनावर घेतलं. चौसाळ्याचे आप्पाराव, किराणा दुकान, माणूस तोलून मापून बोलणारा, त्यांची उज्ज्वला. पोरगी शिकलेली, कामाची, आन् सोमनाथला बघताक्षणी तिनं मान खाली घातली ती हसू लपवायला, मी बघितलं ना! बोलणी माझ्याच हॉटेलात, दोन्ही गावांला मधलं पडतंय म्हणून. सगळं ठरलं. पेढा हातात घेतलाय आप्पारावांनी, तोंडापर्यंत न्हेलाय, आन् माझ्याच हॉटेलातला टीव्ही, गिऱ्हाइकांसाठी मोबाईल जोडून मीच चालू ठेवलेला... वाजली की धून! "मराठवाडा पुन्हा तहानलेला..."

आप्पाराव टीव्हीकडं बघतेत. मंग दाजींकडं. मंग टीव्हीकडं. पेढा खाली.

"पाव्हणं... हे तुमीच का?"

दुसरा असता तर म्हणला असता, न्हाई बा, माझ्यासारखा दिसतोय कुणी. आमचे दाजी काय म्हणावं? "हाव, मीच!"

"मंग माझ्या पोरीला काय घागरी वाहायला देऊ तुमच्यात?"

"आवं, विहिरीला पाणी हाय!"

"विहीर कुठं दिसतीय? घागर तेवढी दिसतीय."

सोमनाथ उठला, टीव्हीचं बटण बंद केलं आन् भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायला. ते बघून दाजी उभे ऱ्हायले आन् छातीवर हात ठेवून म्हणले, "आप्पाराव, तुमच्या पोरीच्या कमरेला घागर लागणार न्हाई. मी जिता हाय तवर न्हाई. शब्द हाय माझा." आप्पाराव चप्पल घालत म्हणले, "बघतो आन् कळवतो." आता बघतो आन् कळवतो म्हणजे काय, हे का तुमाला सांगायला पायजे?

दुसऱ्या दिवशी आमी दोघं बीडात, त्या माडीवर. पंचशीलानं खुर्ची दिली, चहा सांगितला, म्हणली, "काका, तुमी! आवं, तुमालाच शोधत होतो आमी. रविवारी कार्यक्रमाला पंचवीस वर्षं होतेत, आमी सगळा इतिहास दाखवणार हाव, सुरुवात तुमच्यापासून!" आन् पाटी दाखवली दारावरची, नीट बघा म्हणली. काय होतं पाटीवर? काळी सावली. डोक्यावर घागर. "काका, तुमी आमची खूण हायेत!"

"मंग खूण बदला की बाई. आन् ते माझं चालणं पुसून टाका. माझ्या पोराची सोयरीक मोडतीय."

कोपऱ्यातून बद्रीनाथ उठला. म्हातारा झालाय हो गडी, दोन पावलं टाकली की दम लागतोय, पण कॅमेरा अजून सोडत न्हाई. आला आन् दाजींचे हातच धरले त्यानं. "सटवाराव... हुः... बाकी सगळ्यावर लग्नं भरली हो मी. पहिली बातमी गेली, पहिला पूर गेला, माझा सोताचा आवाजबी गेला... पंचवीस वर्षांतलं तुमच्याबिगर माझ्याकडं काहीच उरलं न्हाई." आन् डोळ्याला पाणी! पुसा म्हणायला गेलेले दाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला असा राग आला! आपण कशाला आलो, दाजी, आपण कशाला आलो?

पण पंचशीला डोक्यानं तल्लख. म्हणली, "काका, जुनं पुसता येत न्हाई, पण नवं दाखवता येतंय. तवाचे काका आन् आत्ताचे काका! विहीर दाखवू, मोटर दाखवू, सगळ्या मराठवाड्याला कळू दे." दाजींचं तोंड असं खुललं म्हणून सांगू!

झालं, शनिवारी शूटिंग. दाजींला नवं धोतर, फेटा. भामाक्का तर पहाटपासून नटून बसलेली, पंचवीस वर्षांचं उट्टं काढायचं होतं तिला. बद्रीनाथनं कॅमेरा खांद्यावर घेतला आन् सवयीनं पहिलं काय म्हणला? "चप्पल काढा!" पंचशीला ओरडली, "सर! आज चप्पल ऱ्हाऊ द्या!" मोटर चालू केली, मांडीएवढी धार पडली हौदात, मेंढरांनी तोंडं घातली, आन् भामाक्का कॅमेऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणली, "आमच्या हिरीला पाणी कवा कमीच पडलं न्हाई! कुणीबी यावं, कितीबी न्यावं! आमी कुणाला न्हाई म्हणत नसतो!" आन् दाजी मागून मान हलवतेत, "हाव, कितीबी न्या!" आता दारात पाव्हणा आला की असंच बोलायचं असतंय की आपल्यात! जेवा म्हणतो, ऱ्हावा म्हणतो, सगळं घर तुमचंच हाय म्हणतो... म्हणून कुणी घर उचलून नेतंय का?

रविवारी लागलं. आधी जुने दाजी, बासरी, भेगा... मी जीव मुठीत धरून बसलेलो... आन् मंग धाडकन रंग! पाणी, फेटा, भामाक्का! कार्यक्रम संपायच्या आत आप्पारावांचा फोन. "परमेश्वरराव, त्यो पेढा ऱ्हायलाय माझा तुमच्या हॉटेलात." मी तर फोनवरच नाचलो! लग्न झालं, झकास झालं, बद्रीनाथनं फुकट शूटिंग केली, आन् उज्ज्वला नांदायला आली. पोरगी म्हणजे सोनं हो, दाजींला मामा मामा करती, आन् दाजी तिच्यापुढं घरात आवाज चढवून बोलत न्हाईत. वाटलं, सुटलो बाबा. संपलं दाजींचं चालणं.

मंग उन्हाळा आला. आन् अवंदा खराच आला! वस्तीचा हापसा गेला, बोअरं गेली, लोकांनी टँकरचा अर्ज केला. तहसीलातल्या सायबानं अर्ज बाजूला ठेवला आन् खिशातून मोबाईल काढला. "टँकर कशाला? ह्या बाई काय म्हणतेत ऐका की." आन् मोबाईलमधून आमची भामाक्का, "कुणीबी यावं, कितीबी न्यावं!" टँकर नामंजूर! लोक तिथून जे निघाले ते सरळ दाजींच्या विहिरीवर. हंडे, कळशा, पिंपं, बैलगाड्या, शेजारच्या वस्तीचे लोक, त्यांच्या शेजारचे लोक... आन् दाजी? न्हाई म्हणतील? मी म्हणलो, "दाजी, मोटर काढून ठेवा, विहिरीला कुलूप घाला!" तर म्हणले, "परमेसरा, साऱ्या जगापुढं हो म्हणलोय. आन् पाण्याला न्हाई म्हणायची आपल्यात रीत न्हाई." पाजत ऱ्हायले लोकांला. पंधरवड्यात तळ लागला. नंतर चिखल. नंतर चिखलबी न्हाई! मेंढरं मेव्हण्याच्या... म्हणजे माझ्याच दारात आणून बांधली, आता तीबी माझेच भजे खातेत.

मागल्या हप्त्यात गेलतो तलवाड्याला. बघतो तर उज्ज्वलानं पदर खोचलाय, घागर उचललीय, म्हणती, "मामा, पलीकडच्या मळ्यातून दोन खेपा आणते." आन् दाजी खाटेवरून असे उठले, ह्या वयात, गुडघे धरून, आन् तिच्या हातातली घागर घेतली. "न्हाई बाई. तुझ्या बापाला शब्द दिलाय मी." ती म्हणती, "आवं मामा, त्यांना काय कळतंय!" तर म्हणले, "मला कळतंय की." पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याबी आलं, कशाला लपवू! सोमनाथ डेअरीवर, भामाक्का माझ्याकडं मेंढरांपाशी, घरात दुसरं कुणी न्हाई, मी पुढं झालो तर मला म्हणले, तू पाव्हणा हायेस, बस. दुपारचं ऊन, तेच आटलेलं तळं आडवं, आन् पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पाण्यासाठी, खरंच पाण्यासाठी... निघाले आमचे दाजी घागर घेऊन!

माझं डोकंच फिरलं! लावला फोन पंचशीलाला. "ये! असशील तशी ये! बद्रीनाथला घे, कॅमेरा घे, आता सगळं खरं हाय, दाजी खरे चाललेत, तळं खरं हाय, तहान खरी हाय, एकदाचं खरं तर दाखवा लोकांला! टँकर तरी येईल!"

"अरे देवा! मामा, आजच लावते मी बातमी, साताच्या ठोक्याला लावते, टँकर आल्याबिगर सोडत न्हाई मी त्यांना," पंचशीला मनापासून बोलत होती हो, "पण सरांला एवढ्या उन्हात कशाला आणायचं? शॉट हाय की आपल्याकडं!"

सात वाजता मी मोबाईल उघडून धरला. धून. बासरी. काळ्या मिशांचा, ताठ कण्याचा गडी भेगांतून चाललाय. तेवढ्यात दाजी तिसरी खेप घेऊन आले, घागर उतरवली, उज्ज्वलानं ती लगबगीनं आत नेली. दाजींनी माझ्या खांद्यावरून बघितलं. मी तणतणत होतो, आत्ताच्या आत्ता बोलावतो त्यांना, खरं शूट करायला लावतो... तर त्यांनी माझ्या हातातला मोबाईल हळूच खाली केला, खाटेवर टेकले आन् गुडघा चोळत म्हणले, "ऱ्हाऊ दे परमेसरा. त्याच्यातला मी बरा चालतोय."